बोट ठेवायच्या आधी

झेरॉक्सच्या दुकानातला उभा पंखा कधी कुणाकडे मान वळवेल, सांगता येत नाही. त्या दिवशी त्याने काउंटरवरचा कार्डांचा एक गठ्ठा उचलला आणि थेट माझ्या पायांशी आणून टाकला. मी वाकले, कार्डं गोळा केली, आणि गोळा करता करता वाचली.

पहिल्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: साहेब विचारतात, "आज पुन्हा उशीर? घरी घड्याळ नाही का?" कारकून म्हणतो... आणि खाली तीन शेवट. अ: "आहे साहेब, उद्या वेळेवर येईन." आ: "साहेब, माझ्या छत्रीला मिशा आहेत." इ: "आहे साहेब. पण ते इथूनच नेलंय, अकराच्या आत चालूच होत नाही."

"यातला विनोद कुठला?" वरून कुणीतरी विचारलं.

कार्डांचा मालक. तिशीच्या आतला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात कात्री. कार्डं परत घ्यायला त्याने हात पुढे केला नाही. तापमापीकडे बघावं तसा तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

मी उत्तरावर बोट ठेवायला गेले.

"इ," तोच म्हणाला. "तुम्ही बोट ठेवायच्या आधीच कळलं."

"कसं?"

"ते धंद्यातलं गुपित आहे."

मी विज्ञान शिकलेली मुलगी. गुपित हा शब्द ऐकला की मला अंगावर मुंगी चढल्यासारखं होतं. मी त्याला सुनावलं की या कार्डात विनोद असा नाहीच. ऑफिसात अकराच्या आत कुणी कामाला हात लावत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच डोक्यात तो पूर्ण होतो. जिथे लोक नऊच्या ठोक्याला कामाला बसतात, तिथे हे घड्याळ नुसतं बिघडलेलं. तो खूश झाला. म्हणाला, म्हणूनच हे कार्ड 'माहिती'च्या गठ्ठ्यात आहे, 'शब्दां'चा गठ्ठा वेगळा. मग त्याने कार्डं दोनदा मोजली, रबर लावलं आणि निघून गेला.

विनोदांचे गठ्ठे करणारा माणूस. जादूगार, विमा एजंट की भामटा? पुस्तकाच्या झेरॉक्स घ्यायला आले होते, त्या तिथेच विसरून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आमची बेल वाजली. दारात तोच, आणि त्याच्या हातात तोच गठ्ठा.

आता आधी बाबांबद्दल सांगायला हवं. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली होती. डावा हात हळूहळू परत आला. बोलणं गेलंच नव्हतं. गेलं होतं ते निराळंच. बाबांचं चष्म्याचं दुकान. बत्तीस वर्षं ते गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर एक विनोद द्यायचे, आणि लोक म्हणायचे की चष्मा काय, कुठेही मिळतो. घरात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आई डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत असली, किंवा मी समोरचीच वही शोधत असले, की बाबा अगदी दुकानातल्या आवाजात म्हणायचे, "नंबर वाढलाय." समोरचं न दिसणाऱ्या माणसाला आमच्या घरात हाच निकाल मिळायचा.

पाच महिन्यांत ते वाक्य एकदाही ऐकू आलं नव्हतं. एकदा आई वैतागून म्हणाली, "अहो, डोकं नका खाऊ माझं," तर बाबांनी गंभीरपणे सांगितलं की सकाळपासून त्यांनी दोन बिस्किटांशिवाय काही खाल्लेलं नाही. आई आधी हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधनाची जागा, तीन महिन्यांनी रुजू व्हायचं. मी घरात जाहीर करून टाकलं होतं: बाबांना विनोद कळायला लागला तर जाईन, नाहीतर नाही.

आणि त्यासाठी रुग्णालयाने पाठवलेला स्पीच थेरपिस्ट हा होता.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पाच ते सहा. बाबा काचेच्या कपाटाला पाठ करून बसायचे. त्या कपाटात दुकानातल्या जुन्या फ्रेम्स ठेवलेल्या. समोर टेबल, टेबलापलीकडे तो, आणि त्याच्या मागे खिडकीशी माझी खुर्ची. मला तिथून बाबांचा चेहरा दिसायचा आणि त्याची मान. मांडीवर वही. मी नोंदी ठेवते, मला ती सवयच आहे.

पहिल्या दिवशी त्याने शब्दांच्या गठ्ठ्यातलं कार्ड काढलं. पाहुणे विचारतात, "मुलाला अजून नोकरी लागली नाही?" वडील म्हणतात... अ: "नाही हो, शोधतोय." आ: "नाही, आमची मांजर काळी आहे." इ: "नाही. झोप तेवढी लागते, पडल्या पडल्या."

बाबांनी मांजरीवर बोट ठेवलं. लगेच, खात्रीने.

बारा कार्डांत दोन बरोबर. डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी चार येतात. त्याने नंतर जिन्यात मला समजावलं की हे नेहमीचं आहे. विनोद म्हणजे धक्का, एवढं त्यांना आठवतंय. धक्का बसल्यावर गाडी पुन्हा रुळावर आणायची असते, 'लागणं' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना भेटवायचे असतात, तेवढं हरवलंय. बारा आठवड्यांनी तो अहवाल देणार होता. बारापैकी दहा आले तर उपचार संपले.

"येतील?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. खोटं आश्वासन दिलं नाही, हे मी वहीत लिहिलं. पुढे कंसात: की ही विश्वास संपादन करण्याची पद्धत?

बाबांनी त्याचं नाव पत्तेवाला ठेवलं. आई त्याला डॉक्टर म्हणायची, आणि तो दर वेळी सांगायचा की मी डॉक्टर नाही. तरी ती दर वेळी त्याच्यासमोर डॉक्टरला देतात तसा कपावर बशी झाकलेला चहा ठेवायची. मला तो काही म्हणायचा नाही. जाताना फक्त विचारायचा, आज वहीत काय?

"वेळ. तुम्ही चार मिनिटं लवकर आलात."

"आणि?"

"शर्ट नवा आहे."

"तोही पुराव्यात धरलात?"

"सगळंच पुराव्यात धरते."

"मग हेही लिहा," तो चप्पल पायात सरकवत म्हणाला, "की जिना उतरायला मला रोज उशीर होतो."

मी लिहिलं. कारण लिहिलं नाही.

हळूहळू त्याच्याबद्दल थोडं थोडं कळत गेलं. त्याच्या आईची नोकरी बदलीची, दर दोन वर्षांनी नवं गाव, नवी शाळा. प्रत्येक वर्गात विनोद वेगळे, कारण प्रत्येक वर्गाला माहीत असलेल्या गोष्टी वेगळ्या. कुठल्या मास्तरांची नक्कल चाललीय हे त्याला कळायचं नाही, म्हणून तो इतरांचे चेहरे बघून हसायचा. "मी आयुष्यभर अर्धा सेकंद उशिरा हसलोय," तो म्हणाला. पुढे हाच विषय शिकायला घेतला. मला ते ऐकून... काय झालं ते नेमकं मोजता येणार नाही. पण रात्रीच्या जेवणाआधी मी वहीत लिहून ठेवलं: सावध. हा माणूस चेहरे वाचतो.

सहाव्या आठवड्यात बाबांना सात आले. सातव्यात नऊ. आठव्यात अकरा.

आईने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. मी मात्र सगळे आकडे कागदावर मांडले आणि मला ते पटेनात. पाच आठवडे रेषा जमिनीला चिकटलेली, मग एकदम गच्चीवर. मेंदू असा बरा होत नाही. आणि एरवीच्या बोलण्यात बाबा तसेच होते. अकरा गुण मिळवलेल्या संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज सूर्य कुठून उगवला?" तर बाबांनी हात करून पूर्व दाखवली.

म्हणजे कुणीतरी उत्तरं पुरवत होतं. मी पत्तेवाल्यावर नजर ठेवली. बरोबर शेवट वाचताना त्याचा आवाज चढतो का? नाही. कार्ड सरकवताना अंगठा कुठे असतो? एकाच जागी. खोकला, पाय हलवणं, चहाचा घोट? पुढचा आठवडाभर मी मोजत होते. काहीच सापडलं नाही, आणि काही सापडत नाही म्हणून संशय अधिकच वाढला. सगळ्यात जास्त सलत होतं ते कारण. बाबा पास झाले की मी जाणार. हे त्याला माहीत होतं. मग तो बाबांना पास का करत होता?

त्या शुक्रवारी मी त्याला फाटकाशी गाठलं आणि सरळ विचारलं की गुण वाढवून देताय का.

तो रागावला नाही. "मी असं कशासाठी करीन?"

"मी जावं म्हणून."

तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. त्याने फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली.

"तुम्ही जावं असं मला वाटतं... हा तुमचा अंदाज आहे?"

"निरीक्षण आहे."

"निरीक्षण चुकलंय," तो म्हणाला. मग कामाच्या आवाजात त्याने सुचवलं: बारा नवी कार्डं तुम्ही स्वतः लिहा. मला दाखवू नका. मंगळवारी तुम्हीच घ्या परीक्षा, मी खाली रस्त्यावर उभा राहतो.

मी तीन दिवस खपून कार्डं लिहिली. विनोद लिहिणं किती कठीण असतं ते तेव्हा समजलं. मंगळवारी तो फाटकाबाहेर, मी बाबांसमोर.

बारापैकी बारा.

मी जिने उतरून खाली गेले आणि माफी मागितली. असं मी फारसं करत नाही, त्यामुळे ते नीट जमलं नाही. वाटलं होतं, तो सुटल्यासारखा हसेल. तो हसला नाही. शुक्रवारसाठी आणखी बारा नवी कार्डं मागितली. या वेळी तुम्हीही खोलीत थांबू नका, म्हणाला. आईंना वाचू द्या.

आईला विनोद कळत नाहीत असं नाही. तीस वर्षं ऐकून तिला ते ऐकूच येत नाहीत. विजेचं बिल वाचावं तशी तिने कार्डं वाचली. आम्ही दोघं बाहेर जिन्यावर बसलो होतो, मध्ये एक पायरी सोडून. आतून आईचा आवाज, मग शांतता, मग बोट टेबलावर पडल्याचा आवाज.

पाच.

चारापेक्षा एक जास्त. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला बेरीज करणाऱ्या घोड्याची गोष्ट शिकवली होती. तो खूर आपटून उत्तर द्यायचा. खरं तर उत्तर आलं की समोरच्या माणसाचा चेहरा सैल पडायचा, आणि घोडा तो बघून थांबायचा. समोरच्याला स्वतःला हे माहीतच नसायचं. ती गोष्ट मी कितीजणांना ऐटीत सांगितली असेन.

मी आत जाऊन बाबांच्या समोर बसले. "बाबा, तुम्ही माझ्याकडे बघून उत्तर देता?"

"मग कुणाकडे बघू?" बाबा म्हणाले. "कार्डावर तर काहीच कळत नाही. तुझी डावी भुवई वर जाते. लहानपणापासूनच जाते."

ते अगदी सहज सांगत होते. आपलं काही चुकलंय असं त्यांना वाटत नव्हतं. बत्तीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावर फ्रेम बसवणारा माणूस, त्याने कामाची गोष्ट बरोबर शोधली होती. उत्तरं मीच पुरवत होते, वही मांडीवर ठेवून, संशयाने डोळे बारीक करून.

मग झेरॉक्सचं दुकान आठवलं. बोट ठेवायच्या आधीच कळलं.

मी पुन्हा जिन्यात आले. तो अजून त्याच पायरीवर होता.

"तुम्हाला माहीत होतं."

"सातव्या आठवड्यापासून शंका होती."

"माझ्याकडे तर तुमची पाठ असायची."

"समोर काचेचं कपाट आहे," तो म्हणाला. "तुमची खुर्ची त्यात दिसते. उजव्या बाजूला, हिरव्या फ्रेमच्या वर."

मला फ्रेमचा रंग आठवत नव्हता. त्याला आठवत होता.

"नियम काय आहे अशा वेळी?" मी विचारलं.

"खुर्ची हलवायची. पहिला नियम आहे तो."

"मग?"

त्याने हातातल्या कार्डांचं रबर काढलं, पुन्हा लावलं. "खुर्ची हलवली असती, तर मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही कुठे बसला असता?"

इतके दिवस मी त्याच्यावर संशय घेत होते आणि तो संशय खरा निघाला होता. गुन्हा मात्र मी शोधत होते तो नव्हता. चिडायचं की काय करायचं ते ठरेना, म्हणून मी अहवाल मागितला. त्याने पिशवीतून काढून दिला. सातव्या ते दहाव्या, अशा चार आठवड्यांच्या गुणांवर त्याने स्वतःच्या हाताने काट मारली होती. प्रत्येक आठवड्यासमोर कारण: 'ग्राह्य नाही. मुलगी समोर बसली होती. खुर्ची हलवायला हवी होती, हलवली नाही. चूक माझी.' पहिल्या नोंदीखाली सातव्या आठवड्याची तारीख. म्हणजे मी आरोप करायच्या कितीतरी आधीची. कागदावर तो एकदाही खोटं बोलला नव्हता.

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'पहिल्या महिन्यात रुग्ण चेहरे वाचू शकत नव्हता. आता एक चेहरा अचूक वाचतो.'

"हे चांगलं आहे?" मी विचारलं.

"विनोद कळायच्या आधी माणूस कळावा लागतो," तो म्हणाला. "मला तरी असंच शिकावं लागलं."

त्यानंतर माझी खुर्ची बाहेर गेली. बाबा दर वेळी विचारत, हिला कुठे पाठवलंत? आणि पडेल चेहऱ्याने बोट ठेवत. पाच. सहा. शेवटच्या आठवड्यात सात. दहा काही आले नाहीत. रुजू व्हायच्या पत्राला उत्तर द्यायला दोन दिवस उरले होते, आणि नकाराचं पत्र मी लिहूनही ठेवलं होतं.

शेवटच्या शुक्रवारी बाबांनी मला आत बोलावलं. पत्तेवाल्याशेजारी बसायला सांगितलं. स्वतः टेबलापलीकडे बसले आणि शर्टाच्या खिशातून एक पुठ्ठा काढला. दुकानातला, डोळे तपासायच्या अक्षरांचा, मागची बाजू कोरी असलेला. त्यावर त्यांच्याच हाताने लिहिलेलं.

"आज मी विचारणार," ते म्हणाले, आणि वाचायला लागले.

"दोन माणसं तीन महिने एका खोलीत बसतात. एक कपाटाच्या काचेत बघतो. दुसरी वहीत बघते. दोघंही एकमेकांवर संशय घेतात. चष्मेवाला म्हणतो... अ: 'पोलिसांना बोलवा.' आ: 'आमची मांजर काळी आहे.' इ: 'दोघांचाही नंबर वाढलाय.'"

पुठ्ठा त्यांनी पत्तेवाल्यापुढे सरकवला.

त्याने तीनदा वाचला. आयुष्यभर हेच शिकलेला माणूस, पण त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. शेवटी त्याने बिचकत 'अ'वर बोट ठेवलं.

"शून्य," बाबा म्हणाले.

आणि दारात उभी असलेली आई हसायला लागली. तीस वर्षांत तिला एकही विनोद ऐकू आला नव्हता, आणि हा आला. ती पदराने डोळे पुसत हसत होती. बाबा तिच्याकडे वळून, अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरांना चहा दे. त्यांना समोरचं दिसत नाहीये."

मला हसू आलं की रडू, याची नोंद नाही. वही बाहेर राहिली होती.

पत्तेवाला माझ्याकडे बघत होता. "काय झालं? मला कुणीतरी सांगा."

विनोद समजावून सांगितला की मरतो म्हणतात. हा समजावायला मला पाव तास लागला. दुकान सांगावं लागलं, आईच्या डोक्यावरचा चष्मा सांगावा लागला, माझ्या हरवलेल्या वह्या, आठ महिने न ऐकू आलेलं ते वाक्य, सगळं घरच सांगावं लागलं. सांगून संपलं तेव्हा तो हसला. पाव तास उशिरा, पण कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता.

अहवालात त्याने लिहिलं: परीक्षेत सात. परीक्षेबाहेर, एक विनोद, स्वतः रचलेला. पूर्ण.

नकाराचं पत्र मी फाडलं. जिना उतरताना त्याने विचारलं की त्या शहराला जायला किती वेळ लागतो. मी सांगितलं, गाडीने चार तास. शनिवार-रविवार तुम्हाला सुट्टी असते का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हे तुम्ही कशासाठी विचारताय ते आधी कळू द्या.

"संशय?"

"सवय."

तो एक पायरी खाली उतरला, त्यामुळे आमचे डोळे एका उंचीवर आले. त्याने तीन बोटं वर केली. "शनिवारी मी तिथे आलो तर तुम्ही म्हणाल... अ: 'कशाला आलात?' आ: 'आमची मांजर काळी आहे.' इ..."

इ त्याने सांगितलाच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मी चेहरा दगडासारखा ठेवायचा खूप प्रयत्न केला, विज्ञानाची शपथ.

"कळलं," तो म्हणाला.